समुद्राचा हजेरीपट

मुंबईत १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चाललेलं असताना चिखलाखाली झाडं सापडली. एकदोन ओंडके नव्हे, चांगलं जंगलच! कित्येक खोडं तर मुळांसकट जागच्या जागी उभी. लाकूड खैराचं. आता खैर काही खाऱ्या पाण्यात वाढत नाही. म्हणजे कधीकाळी ही जमीन कोरडी होती आणि नंतर पाण्याखाली गेली, इतपत तर कुणीही सांगेल. पण पुढचा प्रश्न अवघड आहे. समुद्र वर चढला, की जमीन खाली खचली?

गंमत म्हणजे त्या झाडांकडे कितीही वेळ बघत बसलं तरी याचं उत्तर मिळत नाही. हौदाच्या भिंतीवरची पाण्याची जुनी रेघ आज बुडालेली दिसली, तर पाणी वाढलं असेल किंवा भिंत खचली असेल. दिसणारा परिणाम एकच. समीकरण एक आणि अज्ञात दोन! शाळेतलं बीजगणित आठवत असेल तर अशा वेळी दुसरं समीकरण लागतं.

भूशास्त्राला हे दुसरं समीकरण हाती यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. आलं तेव्हा ते एका तेल कंपनीच्या कपाटात कुलूपबंद होतं. आणि कुलूप उघडल्यावर कळलं की ते अर्धंच बरोबर आहे. या वीकेंडला त्याचीच गोष्ट.

सुरुवात जुनी आहे. आगासीनं हिमयुगाची कल्पना मांडली, त्यानंतर लगेचच, १८४२ मध्ये, चार्ल्स मॅक्लारेन नावाच्या स्कॉटिश संपादकानं एक साधा हिशोब केला. एवढं बर्फ जमिनीवर साठलं असेल तर त्याचं पाणी आलं कुठून? समुद्रातूनच. मग समुद्र किती उतरला असेल? त्याचं उत्तर होतं ३५० ते ४०० फूट. आज आपण मानतो की सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली होता, म्हणजे साधारण चारशे फूट. कागद-पेन्सिलवर केलेल्या अंदाजासाठी हे भलतंच अचूक आहे! पुढे १८८८ मध्ये ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूसनं जगभर एकाच वेळी होणाऱ्या पातळीबदलाला 'युस्टॅटिक' हे नाव दिलं. नाव मिळालं, पण पुरावा कुठून आणायचा? जगभरातल्या किनाऱ्यांची एकाच काळातली नोंद मिळाली आणि सगळीकडे पाणी एकाच वेळी उतरलेलं दिसलं, तर दोष जमिनीचा नाही, समुद्राचा. कारण मुंबईची जमीन आणि न्यू जर्सीची जमीन ठरवून एकाच दिवशी खचणार नाहीत.

ही नोंद ठेवली जाते समुद्रबूड जमिनीवर. शाळेच्या भूगोलातला शब्द आहे बघा. किनाऱ्यापासून आत उतरत जाणारा उथळ, जवळजवळ सपाट पट्टा. तो संपतो तिथे पाणी साधारण सव्वाशे-दीडशे मीटर खोल असतं आणि मग एकदम उतार सुरू होतो. नद्यांचा गाळ इथेच येऊन बसतो. समुद्र शंभर मीटर उतरला तर यातला बहुतेक भाग उघडा पडतो. मुंबईसमोर हा पट्टा जवळपास तीनशे किलोमीटर रुंद आहे. तिथल्या 'फिफ्टी फॅदम फ्लॅट' नावाच्या भागात, सुमारे नव्वद मीटर खोल पाण्याखाली, चुनखडीचे असे गोल दाणे मिळतात जे फक्त अगदी उथळ, ढवळत्या पाण्यात तयार होतात. थोडक्यात काय, तर हिमयुगात आपला किनारा तिकडे लांब होता.

पण हा वरवरचा, कालपरवाचा इतिहास. कोट्यवधी वर्षांचा इतिहास खाली गाडलेला आहे, एकावर एक रचलेल्या थरांमध्ये. तो वाचायचा कसा? प्रत्येक ठिकाणी ड्रिल करणं कुणालाच परवडणार नाही. म्हणून आवाज वापरतात. जहाजामागे हवेच्या बंदुका ओढायच्या, दर काही सेकंदांनी दाबलेल्या हवेचा बार काढायचा, आणि मागे तरंगणाऱ्या काही किलोमीटर लांब केबलवर बसवलेल्या मायक्रोफोननी प्रतिध्वनी टिपायचा. खालचे थर वेगवेगळ्या घनतेचे, त्यामुळे प्रत्येक सीमेवरून थोडा आवाज परत येतो. जहाज पुढे सरकत जातं आणि एकेक प्रतिध्वनी शेजारी शेजारी मांडला की जमिनीचा उभा छेद दिसायला लागतो. पृथ्वीची सोनोग्राफीच म्हणा ना.

इथे आपल्या धंद्याचा संबंध येतो. कच्चा प्रतिध्वनी म्हणजे नुसता गोंगाट असतो. पाण्याचा पृष्ठभाग आणि तळ यांच्यात आवाज टोलवाटोलवी करत राहतो. १९५०च्या दशकात एमआयटीमध्ये एन्डर्स रॉबिन्सन आणि मंडळींनी नॉर्बर्ट वीनरचं गणित वापरून, व्हर्लविंड या त्या काळच्या अवाढव्य कॉम्प्युटरवर हा गोंगाट सोलून काढायची पद्धत बसवली. डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगचा बराचसा पाया तेलाच्या शोधात घातला गेलाय, हे आपल्याला कॉलेजात कुणी सांगत नाही!

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. आवाजाचा वेग गाळात सेकंदाला २,००० मीटर धरला आणि वारंवारता ५० हर्ट्झ, तर तरंगलांबी ४० मीटर येते. तिच्या साधारण चौथ्या हिश्श्याहून पातळ थर वेगळा दिसत नाही. म्हणजे हे दहा मीटरच्या जाड कुंचल्यानं काढलेलं चित्र आहे.

आता ह्यूस्टनला जाऊ. १९६० आणि ७०च्या दशकांत एक्सॉनच्या संशोधन कंपनीत पीटर व्हेल नावाचा भूशास्त्रज्ञ जगभरातून येणारे असे छेद बघत होता. त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. समुद्रात एकाच दिवशी किनाऱ्याशी वाळू बसते आणि आत खोलवर चिखल. दगड वेगळे, पण तारीख एकच. मग प्रतिध्वनी कुणाच्या मागे जातो, दगडाच्या की तारखेच्या? सगळे धरून चालले होते की दगडाच्या. व्हेलचं म्हणणं पडलं की तारखेच्या. छेदातली प्रत्येक रेघ म्हणजे ढोबळमानानं एका क्षणीचा समुद्रतळ.

हे एकदा मानलं की छेद म्हणजे हजेरीपट होतो. समुद्र चढत असताना नवे थर जमिनीच्या दिशेनं अधिकाधिक आत पसरत जातात. मग अचानक एके ठिकाणी खालचे थर कापले गेलेले दिसतात आणि पुढचा थर थेट खाली, समुद्राच्या बाजूला सुरू होतो. मधली पानं नाहीत. समुद्र मागे हटला, उघड्या पडलेल्या जमिनीवर नद्यांनी झीज केली, काहीच साठलं नाही. हजेरीपटात खाडा पडला! दोन खाड्यांमधला जो गठ्ठा, त्याला ते 'सीक्वेन्स' म्हणू लागले. विहिरींमधल्या जीवाश्मांवरून या खाड्यांच्या तारखा काढल्या, तेव्हा व्हेलला वेगवेगळ्या खंडांच्या कडांवर त्याच त्याच तारखा दिसू लागल्या. दुसरं समीकरण मिळालं होतं.

१९७७ मध्ये व्हेल आणि सहकाऱ्यांनी हे सगळं अमेरिकन पेट्रोलियम भूशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या २६व्या मेम्वारमध्ये छापलं. शेवटी एक आलेख: गेल्या काही कोटी वर्षांत जगाचा समुद्र कधी किती वर-खाली झाला. करवतीच्या दात्यांसारखा. हळूहळू चढ, आणि एकदम कडेलोट. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी तर समुद्र काही शे मीटर कोसळलेला दाखवला होता.

भूशास्त्रात खळबळ उडाली. कल्पना करा, जगातल्या कुठल्याही किनाऱ्यावर ड्रिल करायच्या आधी तिथे कुठल्या काळात वाळू मिळेल ते एका तक्त्यावरून कळणार. तेल वाळूच्या छिद्रांत साठतं, त्यामुळे याची किंमत सांगायला नको.

पण त्या तक्त्यात एक विचित्र गोष्ट होती. क्रिटेशस काळाच्या, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या युगाच्या भागावर तिरप्या रेघा मारून ठेवल्या होत्या, आणि सोबत तळटीप: या भागातली आवर्तनं प्रसिद्धीसाठी खुली केलेली नाहीत. एवढंच नाही, तर बाकी आलेखामागचे बहुतेक छेद आणि विहिरींचा डेटासुद्धा कंपनीकडेच होता. म्हणजे जगाच्या समुद्राबद्दलचा एवढा मोठा दावा, आणि त्याची तपासणी करायची कुणाला सोय नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर बायनरी दिली, सोर्स कोड नाही, आणि वर 'विश्वास ठेवा, चालतंय' असं सांगितलं!

एक्सॉनला सरसकट खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. तो डेटा गोळा करायला त्यांनी अफाट पैसा घातला होता. कंपन्या सहसा पद्धतसुद्धा सांगत नाहीत. यांनी पद्धत अगदी तपशीलवार शिकवली, आणि ती आज प्रत्येक भूशास्त्र विभागात शिकवतात. पुढे १९८७ मध्ये बिलाल हक, यान हार्डेनबोल आणि व्हेल यांनी 'सायन्स'मध्ये नवा तक्ता छापला. ट्रायासिकपासून आजपर्यंत, शंभराहून जास्त आवर्तनं, क्रिटेशस सकट. यावेळी उघड्या जमिनीवर दिसणाऱ्या खडकांचे पुरावेही जोडले. मूळ सिस्मिक डेटा मात्र बऱ्याच अंशी आतच राहिला.

मग टीकाकार काय करणार? डेटा नसेल तर तर्क तपासायचा. असे दोन वार मला फार आवडतात.

पहिला वॉल्टर पिटमनचा, १९७८ मधला, म्हणजे मेम्वारची शाई वाळायच्या आत. तो म्हणाला, ही कड स्वतःच सतत खचतेय हे विसरू नका. खचणाऱ्या कडेवर समुद्र नुसता उतरला म्हणून किनारा मागे हटत नाही. समुद्र उतरायचा वेग आणि कड खचायचा वेग यांच्यात शर्यत असते आणि त्यावर किनाऱ्याची जागा ठरते. म्हणजे थर सांगतात ते पातळीबद्दल नाही, पातळी बदलायच्या वेगाबद्दल. तुम्ही स्पीडोमीटर बघून गाडी किती किलोमीटर आली ते सांगताय! करवतीच्या त्या दात्यांमधला अचानक कडेलोट हा बराचसा या घोळातून आला होता.

दुसरा वार टोरांटोच्या अँड्र्यू मायलचा, १९९२ मधला. हा तर कुठल्याही टेस्टरनं भिंतीवर लावून ठेवावा असा. मायलनं रँडम नंबर वापरून चार काल्पनिक छेद बनवले. खाड्यांच्या तारखा अक्षरशः फासे टाकून काढल्यासारख्या. मग ते एक्सॉनच्या तक्त्याशी जुळवून पाहिले. किती जुळावेत? चारही छेदांत किमान ७७ टक्के घटना तक्त्याशी जुळल्या!

हे कसं झालं ते मुंबईकराला पटकन कळेल. समजा तुमचं घड्याळ दोन मिनिटं पुढेमागे असू शकतं आणि लोकल दर तीन मिनिटांनी येतेय. तुम्ही केव्हाही प्लॅटफॉर्मवर पोहोचा, 'वेळापत्रकाप्रमाणे माझी गाडी आली' असं तुम्हाला म्हणता येईल. वेळापत्रक खरं असो वा खोटं, तुमच्या अनुभवानं ते कधीच चुकीचं ठरणार नाही. एक्सॉनच्या तक्त्यात खाडे इतके दाटीवाटीनं होते आणि जीवाश्मांवरून काढलेल्या तारखांमध्ये चूक इतकी असायची की कुठलाही किनारा त्यात बसवता आला असता. जी टेस्ट कधीच फेल होत नाही, ती टेस्टच नव्हे.

असो. टीका कितीही चोख असली तरी त्यातून समुद्राची खरी पातळी कळत नाही. त्यासाठी कुणीतरी भोकं पाडून, कोअर काढून, ते सगळ्यांसमोर ठेवायला हवे होते. जागा ठरली न्यू जर्सी. अटलांटिक उघडला तेव्हापासून ही कड शांतपणे, संथपणे खचतेय. मोठी उलथापालथ नाही, भरपूर गाळ, आणि सिस्मिक छेद उत्तम. रटगर्स विद्यापीठाचे केनेथ मिलर, लॅमॉन्टचे ग्रेगरी माउंटन वगैरे मंडळी यामागे लागली. १९९३ आणि १९९७ मध्ये जॉइडीस रिझोल्यूशन या जहाजानं उतारावर आणि कडेच्या बाहेरच्या भागात ड्रिल केलं. जमिनीवर किनारपट्टीत वेगळ्या विहिरी घेतल्या. मधला उथळ भाग मोठ्या जहाजाला जमेना, कारण सैल वाळू भोकात ढासळते. शेवटी २००९ च्या उन्हाळ्यात ३१३ क्रमांकाच्या मोहिमेत, पाय समुद्रतळावर टेकवून स्वतःला पाण्याबाहेर उचलणारी एक लिफ्टबोट नेली आणि सुमारे ३५ मीटर पाण्यात तीन ठिकाणी कोअर काढले. त्यांची तपासणी जर्मनीत ब्रेमेनला झाली. पहिल्या विहिरीपासून इथपर्यंत सोळा वर्षं!

कोअर हातात आल्यावर दोन गोष्टी करता आल्या. एक म्हणजे तारखा. खाड्यांच्या तारखा खोल समुद्रातल्या फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या कवचांशी ताडून पाहिल्या. बर्फाच्या थरांत हलका ऑक्सिजन अडकून पडतो, त्यामुळे जगात बर्फ वाढलं की समुद्रात, आणि म्हणून या कवचांत, जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. न्यू जर्सीतले साधारण चार कोटी वर्षांपासून एक कोटी वर्षांपर्यंतचे खाडे बर्फ वाढल्याच्या या खुणांशी चांगलेच जुळले. आणि हा पुरावा पूर्णपणे वेगळ्या मार्गानं आलेला. म्हणजे व्हेलची मूळ कल्पना, की खाड्यांमागे जगाचा समुद्र आहे, या काळापुरती तरी बरोबर निघाली.

दुसरी गोष्ट उंची. इथे 'बॅकस्ट्रिपिंग' नावाची, अँथनी वॉट्स, मायकेल स्टेक्लर वगैरेंनी १९७०च्या दशकात घडवलेली पद्धत वापरली. कांदा सोलावा तसा एकेक थर गणितानं काढून टाकायचा, प्रत्येक वेळी त्याच्या वजनानं जमीन किती दबली होती ते परत करायचं, आणि कड थंड होत नैसर्गिकपणे किती खचली तेही वजा करायचं. उरेल तो समुद्र. २००५ मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी हे 'सायन्स'मध्ये छापलं. क्रिटेशसमध्ये समुद्र आजच्यापेक्षा जास्तीत जास्त १०० मीटर वर, अधिक-उणे ५०. एक्सॉनच्या तक्त्यात हा आकडा अडीचशेच्या आसपास होता. तीन कोटी वर्षांपूर्वीचा तो मोठा कडेलोटही काही शे मीटरवरून पन्नास-साठ मीटरवर आला.

थोडक्यात निकाल असा: कधी हे बरंचसं बरोबर, किती हे दुप्पट-अडीचपट फुगवलेलं.

एक कोडं मात्र तसंच आहे. दहा लाख वर्षांच्या आत समुद्र वीसपंचवीस मीटर हलवायचा असेल तर आपल्याला माहीत असलेला एकच कारागीर आहे, बर्फ. समुद्रतळ फुगणं-बसणं फार संथ चालतं. पण न्यू जर्सीत असे झटपट चढउतार क्रिटेशसमध्येही दिसतात, आणि तेव्हा तर ध्रुवांजवळ जंगलं होती! मिलर म्हणतात, अंटार्क्टिकावर अधूनमधून लहानसा, थोडाच काळ टिकणारा बर्फाचा थर असावा. हे अजून सगळ्यांना पटलेलं नाही.

आणि मग २००८ मध्ये पट्टीच हलली! डिटमार म्युलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की खोल प्रावरणातल्या प्रवाहांमुळे न्यू जर्सीची कड गेल्या सात कोटी वर्षांत शंभराहून जास्त मीटर खाली ओढली गेली असावी. शांत म्हणून निवडलेला किनारा, तोही खालून ओढला जात होता. म्हणजे एक्सॉनचे आकडे फुगलेले, तर मिलरचे कदाचित आखडलेले. हौदाची भिंत आणि पाणी, फिरून तिथेच.

तुम्ही म्हणाल, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पाण्याशी आपल्याला काय करायचंय? करायचंय. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखात ४०० च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे. त्या वेळी समुद्र किती वर होता, याचं उत्तर म्हणजे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका एवढ्या उबेत सरतेशेवटी किती बर्फ सोडतात याचं उत्तर. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात हा आकडा ५ ते २५ मीटर असा दिलाय. केवढा फरक आहे बघा! अमेरिकेच्या आग्नेय भागातला ऑरेंजबर्ग स्कार्प हा त्या काळचा किनारा आजच्या समुद्रापासून बराच आत, उंचावर आहे, पण त्याची उंची सगळीकडे सारखी नाही. पाण्याची रेघ आडवीच असणार, म्हणजे वाकली ती जमीन. ५ की २५, यातला मोठा वाद पाण्याइतकाच जमिनीचा आहे.

आजच्या मोजणीतही हाच पेच आहे. मुंबईची भरती-ओहोटी १८७८ पासून मोजली जातेय, पण धक्क्यावरचं यंत्र पाणी आणि धक्का यांच्यातलं अंतरच सांगणार. १९९२ पासून उपग्रह वरून थेट समुद्राचा पृष्ठभाग मोजतायत, म्हणून आज आपल्याकडे दुसरं समीकरण आहे. १९०१ ते २०१८ मध्ये जगाचा समुद्र सरासरी २० सेंटिमीटर वाढला आणि २००६ ते २०१८ या काळात वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर झाला, हे आपण ठामपणे म्हणू शकतो ते या दोन्ही मोजण्या कुणालाही तपासता येतात म्हणून.

या गोष्टीतून मला घेण्यासारखं वाटतं ते हेच. व्हेलची नजर मोठ्या माणसाची होती, यात शंकाच नाही. पण त्याची कल्पना शास्त्र झाली ती न्यू जर्सीच्या चिखलात, जिथे कोअर सगळ्यांसाठी होते आणि मिलरचा आकडा म्युलरला खोडता आला. जुने व्यापारी सर्व्हेसुद्धा आता हळूहळू खुले होतायत. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातून कंपन्यांनी दिलेले कित्येक समुद्री छेद कुणालाही उतरवून घेता येतात. दुसरीकडे जॉइडीस रिझोल्यूशन २०२४ मध्ये निवृत्त झालं, आणि अमेरिकेनं त्याच्या जागी दुसरं जहाज आणलेलं नाही. डेटा उघडतोय आणि ड्रिल थांबतंय, अशी आजची उलटी परिस्थिती आहे. हजेरीपट खाली समुद्रात आहेच, पानं उलटायला माणसं आणि जहाजं हवीत.